अर्धा स्वर वर

चर्चमधला पियानो जुळवायचं काम कानसेनचं. हे नाव गायकवृंदातल्या बायकांनी ठेवलेलं. वरवर तो नाक मुरडायचा, पण मनातून त्याला ते भारी आवडायचं. शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी कोणत्या स्वरात पडला हे सांगणारा माणूस तो. वीस वर्षं पियानो जुळवायचाही तोच आणि रविवारी उपासनेला वाजवायचाही तोच. मग त्याची बोटं आखडायला लागली, आणि पाळकांनी अगदी गोड बोलून पियानोपुढची जागा त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला दिली.

धाकटी छान वाजवायची, हेच तर दुखणं होतं. वाईट वाजवलं असतं तर त्यानं चार लोकांत तिची बाजूसुद्धा घेतली असती. पण उपासना संपली की म्हाताऱ्या तिच्याभोवती जमायच्या, "पोरी, आज रडवलंस गं," म्हणायच्या, आणि कानसेन मागे गीतांची पुस्तकं कपाटात लावत बसायचा. त्याच्या वीस वर्षांत कुणी रडलं नव्हतं. रडलं असेल तर निदान त्याला येऊन सांगितलं नव्हतं. घरी जाऊन तो बायकोवर चहा गार झाला म्हणून चिडायचा, आणि चहा चांगला वाफाळत असायचा.

चर्चची एक भिंत ओल धरायची, त्यामुळे आठवडाभरात कुठली ना कुठली तार उतरायचीच. म्हणून शनिवारी दुपारी तो एकटा पियानो उघडून बसायचा. एकेका स्वराला तीन तारा. तिन्ही एकजीव झाल्या की स्वर लागतो. त्यातली एक केसभर सैल केली की तोच स्वर भोकाड पसरतो, आणि लोक वाजवणाऱ्याच्या नावानं खडे फोडतात. तारा पिळायची किल्ली हातात आली की हा विचार यायचाच, घरचाच असल्यासारखा, दार न वाजवता. कानसेन किल्ली खाली ठेवायचा, डोळे मिटून "प्रभू, आलं बघ ते पुन्हा," म्हणायचा, आणि मग तार नीट जुळवून घाम पुसत घरी जायचा. असे अकरा शनिवार गेले. अकराव्याला तो स्वतःवर इतका खूश झाला की प्रार्थना करायचीही त्याला गरज वाटली नाही.

बाराव्या शनिवारी पाळक सहज डोकावले. "ताई वाजवायला लागल्यापासून पियानोचा आवाजच बदलला हो," म्हणाले आणि निघून गेले. आवाज! तो कुणी जुळवलेला? कानसेनच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. त्यानं मधल्या एका स्वराची तार केसभर सैल केली, झाकण लावलं आणि शीळ घालत घरी गेला. त्या दिवशीचा चहा त्याला फार चांगला लागला.

रविवारी तो मागच्या बाकावर कान टवकारून बसला. पहिलं गीत सुरू झालं आणि तो चमकला. धाकटीनं ते अर्धा स्वर वर नेलं होतं. बोटं सगळी काळ्या पट्ट्यांवरून धावत होती, आणि तो मधला स्वर काही वाजत नव्हता. दुसरं गीतही तसंच. तिसरंही. वरच्या ओळीला म्हाताऱ्यांचे आवाज फाटले, आणि गायकवृंदाची प्रमुख तिच्याकडे डोळे वटारून पाहू लागली.

"आज आमचे गळे फाडायला निघाली होतीस का गं?" उपासनेनंतर एक म्हातारी धाकटीला म्हणाली.

"चुकलंच माझं. चढ्या पट्टीत धरलं," धाकटी हसून म्हणाली.

कानसेनला हवं होतं ते अगदी तस्सं मिळालं होतं. पण घशाखाली उतरेना. तो पुस्तकांच्या कपाटाशी उभा असताना ती जवळ आली.

"दादा, रागावणार नसाल तर एक सांगू? मधला एक स्वर उतरलाय. सकाळी लवकर येऊन बसले तेव्हा कळलं. तो टाळायला म्हणून सगळं वर नेलं."

"मग त्या बायकांना तसं सांगायचं ना."

"काय सांगू? वयानं कानांचं असं होतं. माझ्या बाबांचंही झालं होतं. मी घरी ह्यांनासुद्धा बोलले नाही."

म्हणजे तिनं शिव्या खाल्ल्या होत्या त्या त्याच्या कानांची लाज राखायला. कानसेनचा हात आपोआप कानाकडे गेला. नुसतं "हो गं, हल्ली कमी येतं ऐकू" म्हटलं की झालं. कुणाला कधी कळलं नसतं, उलट चार जण हळहळले असते. शनिवारचा तो ओळखीचा पाहुणा आज रविवारी हजर झाला होता.

"माझे कान ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "तार मी सैल केली. मुद्दाम."

"मला वाटायचं, तुम्हाला माझं वाजवणं आवडतं."

"आवडतं. म्हणूनच जळतो."

ती पाठ फिरवून निघून गेली. आठवडाभर दोन्ही घरांत येणंजाणं झालं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी कानसेन तिच्या दारात उभा राहिला. "मी जुळवताना शेजारी बसशील?"

"मी कशाला?"

"किल्ली हातात आली की ते येतं. आजही येईल. एकट्याला जमतं असं मला वाटलं होतं, नाही जमत."

तिचा चेहरा फुगलेलाच होता, पण तिनं चपला घातल्या. चर्चमध्ये ती पट्ट्यांपुढे बसली. कानसेन एकेक स्वर जुळवत गेला, आणि त्या मधल्या स्वराशी येऊन त्याचा हात थांबला.

"आलं का?" तिनं विचारलं.

"आलं."

तिनं ती पट्टी दाबली. मग पुन्हा, आणि पुन्हा, तिन्ही तारा एक होईपर्यंत ती दाबत राहिली. त्यानं किल्ली खाली ठेवली.

"दादा," झाकण लावता लावता ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी किती वाजता येऊ?"