एका पायावर उभ्या करवल्या

जायरोस शिंपी गिटार छान वाजवतो, असं साकुब्वा वस्तीतली माणसं म्हणायची. माणसं प्रेमळ होती, म्हणून म्हणायची. सी, एफ आणि जी, एवढे तीन कॉर्ड त्याला यायचे, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना गडी चक्क थांबायचा. बोटं उचलायची, वाकून बघायचं, एकेक बोट तारेवर ठेवायचं, मग पुढे. एफला तर पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या मूठभर मक्याच्या लाह्या खाऊन व्हायच्या. घरात कुणाची तक्रार नव्हती, कारण गाणाराही तोच होता.

मग लेकीचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. "बाबा, मी तुमच्या गिटारवर चालत जाणार. मला स्पीकर नको," सेकाई म्हणाली. नवरा विंडहूकला नोकरीला, म्हणजे लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पोरगी हजार मैल लांब. जायरोस 'हो' म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता आमच्याकडे नवरी नुसती चालत नाही. पुढे सहा करवल्या आणि त्यांचे सहा जोडीदार, दोन पावलं पुढे, एक मागे, मग गिरकी. दोन महिने तालीम चालते. तालीम घेणारी मेमरी बावीस वर्षांची, गळ्यात शिट्टी, आणि जीभ म्हणजे नुसती मिरची.

रविवारी शाळेच्या मैदानावर जायरोस पहिल्यांदा तालमीला बसला. सुरुवात झोकात झाली. मग एफ आला आणि हा थांबला. बाराच्या बारा जणांचा उजवा पाय हवेत.

"काका, ठेवू का खाली?" एका करवलीने विचारलं, आणि तेवढ्यात ती शेजारणीवर कोसळली.

मेमरीने शिट्टी फुंकली. "काका, शनिवारी लग्न आहे. गुरुवारपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर स्पीकर. माझी पोरं काय बगळे आहेत?"

सगळे हसले. सेकाई हसली नाही. "बघू, बाबा," एवढंच म्हणाली, आणि ते 'बघू' त्याला फार लागलं. अहो, पोरीने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती!

सोमवार गेला, मंगळवार गेला. बोटांना फोड आले, पण थांबणं काही जाईना. बुधवारी त्याची थोरली बहीण एस्नाथ लग्नासाठी चिपिंगेहून आली. चटईवर भुईमुगाच्या शेंगा सोलत ती भावाकडे बघत होती. तो पायमशीनवर करवल्यांचे झगे शिवत होता. कोपरा आला की मशीन थांबवायचा, सुई कापडात रुतवायचा, कापड वळवायचा, मग पुढे.

"अरे जायरोस," ती म्हणाली, "तू गिटार वाजवत नाहीस, गिटार शिवतोस! कोपरा आला की उभा राहतोस."

"कोपऱ्याला थांबावंच लागतं, ताई. नाही तर शिलाई वाकडी जाते."

"आणि बाही लावताना? मुंढ्याच्या गोलाईला थांबतोस का?"

जायरोसने मशीनकडे पाहिलं. मुंढ्याला कोण थांबतं? पाय चालूच राहतो, आणि वळण यायच्या आधीच हात कापड फिरवायला लागतात. तो ताडकन उठला आणि गिटार घेतली. उजवा हात म्हणजे पाय, असं त्याने ठरवलं. खाली, वर, खाली, वर, काहीही होवो, चालत राहायचं. एफच्या आधीच्या शेवटच्या 'वर'लाच त्याने डाव्या हाताची बोटं सोडली. मोकळ्या तारा जराशा वाजल्या. वाजू देत. एफ आला तो नुसता खट्ट, सूर-बीर काही नाही.

"शी! घाण वाजला," तो म्हणाला.

"पण वेळेवर वाजला ना! तुझे भाऊजी जन्मात कधी इतक्या वेळेवर आले नाहीत."

जेवायला हाक मारली तरी तो उठला नाही. ताटातला मक्याच्या पिठाचा साद्झा थंडगार झाला.

गुरुवारी मैदानावर एकही पाय लटकला नाही. दोन एफ पार बसके वाजले, तरी बारा पावलं धाडकन खाली आली. मेमरीने शिट्टी काढून खिशात टाकली. "चला, स्पीकरवाल्याला नको म्हणून कळवा," ती म्हणाली.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं आणि बायकांच्या किलकाऱ्यांनी कान बधिर झाले होते. करवल्या नाचत पुढे गेल्या, मग दारात सेकाई आली. दोन पावलं पुढे, एक मागे. जायरोस वाजवत होता. ती त्याच्या खुर्चीसमोरून पुढे गेली. नवरा आठ-दहा पावलांवर उभा होता.

आणि पुढचा कॉर्ड एफ होता.

तेव्हा त्याच्या मनात आलं, थांबावं. पूर्वीसारखं, क्षणभरच. तिचा पाय हवेत राहील, ती वळून बघेल, लोक हसतील, आणि तेवढा वेळ ती इथेच असेल. कोण काय म्हणणार होतं? त्याची तर ख्यातीच होती.

डोळे भरले, तारा दिसेनात. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एस्नाथने पुढे होऊन आपल्या डोक्याच्या रुमालाने त्याचं तोंड खसाखसा पुसलं. "रड खुशाल," ती कानाशी पुटपुटली.

त्याने बोटं वेळेवर सोडली. एफ खणखणीत वाजला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि लेकीचं पाऊल त्याच ठोक्यावर नवऱ्याच्या दिशेने पुढे पडलं.