डावा दंड

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सत्यवती कामठीच्या विणकर वस्तीतल्या चाळीस बायकांचे दंड मोजून नागपूरला परतली, तेव्हा सरकारी पोषण-पाहणीचे डॉक्टरसाहेब खूश झाले. दंडाभोवती फीत लावायची, मागची कातडी चिमट्यात धरून चरबी पाहायची, घेरातून ती वजा केली की अंगावर मांस किती ते कळतं. आकडे सांगत होते, बायका धडधाकट आहेत; सरकारी दुधाची गरज नाही.

सत्यवतीला ते पटेना. त्या बायकांचे खोल गेलेले गाल तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. मग एकदम ध्यानात आलं. नियम डाव्या दंडाचा होता. पण पाहुणीपुढे डावा हात करणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकीनं उजवा पुढे केला, आणि हिनंही मुकाट्यानं तोच मोजला. त्याच हातानं बायका दिवसभर चरखा फिरवून मागासाठी सुताच्या कांड्या भरत.

"जाऊ द्या हो, कोण विचारतंय?" डॉक्टर म्हणाले.

"मी विचारते," म्हणत तिनं अख्ख्या तक्त्यावर आडवी रेघ ओढली आणि कामठीची बस धरली.

म्हाताऱ्या सुभद्राबाई चरख्यावरच होत्या. "डावा काहून मोजून राहिली वं? त्याच्यात काय आहे?"

सत्यवतीनं फीत आवळली. उजवा बावीस सेंटीमीटर भरला होता. डावा एकोणीसही भरेना. चिमट्यात नुसती कातडी आली.

सुभद्राबाई हसल्या. "उजव्याले चरख्यानं पोसलं, पोरी. मी डाव्याएवढीच आहो."