लोणच्याचं विधेयक

मार्लिस हॉवलँडला आयुष्यात एकच कायदा करायचा होता, आणि तो लोणच्याचा. शेपू घालून व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी हे राज्याचं अधिकृत लोणचं व्हावं, बस्स, एवढीच मागणी. राज्याला स्वतःचा पक्षी होता, फूल होतं, मासासुद्धा होता. मग लोणच्यानं कुणाचं घोडं मारलं होतं? चर्चच्या बायकांना ती म्हणाली होती, "मला निवडून द्या, बाकी काही नाही जमलं तरी एवढं करून दाखवते." बायकांनी दिलं निवडून. पुढं उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती सत्तर सभासदांच्या सत्तर बाकांवर लोणच्याच्या बरण्या मांडत होती. नवख्यानं पहिल्या विधेयकाच्या दिवशी सगळ्यांना काहीतरी खायला घालायचं, ही त्या सभागृहाची रीत. तेवढ्यात पक्षनेता ड्वेन रस्टाडनं तिला खोलीत बोलावलं.

"बस, मार्लिस."

"उभीच बरी आहे. अर्ध्या बरण्या राहिल्यात."

"त्याबद्दलच बोलायचंय. नवं विधेयक आणायची मुदत केव्हाच गेली. मतदान व्हायचं राहिलेलं एकच विधेयक उरलंय, तुझं. म्हणून समितीनं सकाळी त्यातलं लोणचं काढलं आणि गर्भपाताचं घातलं. क्रमांक तोच, नाव तुझंच. तू फक्त हसतमुखानं उभी राहा."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! मार्लिसनं कागद हातात घेतला. आत लोणच्याचा थेंब शिल्लक नव्हता. बाईनं डॉक्टरकडे मागणी केल्यापासून तीन दिवस थांबायचं, दोन डॉक्टरांच्या सह्या घ्यायच्या. बाईच्या जिवावर बेतलं असेल तर तीन दिवसांची सूट, पण बेतलंय की नाही हे ठरवायलाही त्याच दोन सह्या.

"आमच्या तालुक्यात डॉक्टर एकच आहे, ड्वेन."

"शेजारच्या तालुक्यात असेल की."

"शेजारच्या तालुक्यात एकही नाही. तेच लोक आमच्याकडं येतात."

"ते आपण पुढच्या वर्षी दुरुस्त करू," ड्वेन म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं. झालं, संपलं बोलणं.

आता एक सांगायला हवं. मार्लिस काही कुठल्या मोर्चात घोषणा देणारी बाई नव्हती. ड्वेनच्याच पक्षाची, त्याच चर्चची. अशा कायद्यासाठी हात वर करा म्हटलं की तिचाही हात वर जायचा. पण दोन वर्षांपूर्वी तिची लेक ब्रिटा पाचव्या महिन्यात असताना अवेळी अंगावरून पाणी गेलं आणि ताप चढायला लागला. त्या एकुलत्या एका डॉक्टरनं सांगितलं, बाळ वाचणार नाही, थांबलो तर आईही जाईल, आणि तासाभरात गर्भपात केला. ब्रिटा वाचली. तेव्हापासून मार्लिसचा हात तसाच वर जायचा, पण खांद्यात कळ यायची. ब्रिटानं आईकडून वचन घेतलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही. आणि आता ब्रिटाला पुन्हा चौथा महिना लागला होता.

मार्लिसनं उरलेल्या बरण्या मांडल्या. दुसरं काय करणार होती ती? आपलं नाव काढून घेतलं असतं, तर ड्वेननं तेच विधेयक दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं रेटलं असतं.

दुपारी तिचं नाव पुकारलं गेलं, तसा ऑर्व्हिल सँडविक उठला. सभागृहातला सगळ्यात जुना सभासद, वय वर्षं एक्क्याऐंशी, शेतकरी, लग्न केलं नाही कारण "कुणी विचारलंच नाही." नवख्याची थट्टा करण्याचा मक्ता त्याच्याकडं. रीत अशी की पहिल्या विधेयकावर वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, मग सगळ्यांनी लाल बटण दाबायचं. भिंतीवरचा फलक लालेलाल झाला की नवख्यानं सभापतीच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि दयेची भीक मागायची. सगळे हसत हसत हिरवं करतात, मग नवख्यानंच हातोडा आपटून म्हणायचं, "लावा कुलूप," की मतं पक्की. आयुष्यात एकदाच मिळतो तो मान.

"ऑर्व्हिल, आज नको," ड्वेन दात ओठ खात म्हणाला. "हा विषय थट्टेचा नाही."

"तुझ्या वेळी मी सोडलं होतं का तुला? रडायचाच बाकी होतास."

सभागृह खो-खो हसलं. आता अडवलं तर घाबरला म्हणतील. ड्वेननं हात झटकले. "करा लवकर. आणि लगेच हिरवं."

ऑर्व्हिलनं बरणी उघडली, एक काकडी काढली, कचकन चावली. "बाई, हे लोणचं फर्मास आहे. पण माझ्या हातातला कागद म्हणतो की तीन दिवस थांबा. काकडी नासायला लागली असली तरी थांबायचं?"

"कागदात लिहिलंय, थांबायचं."

"आणि नासली, हे ठरवणार कोण?"

"दोन डॉक्टर."

"तुमच्या तालुक्यात किती आहेत?"

"एक. दुसरा आहे तो गुरांचा."

"त्याची सही चालेल?"

"पेशंट गाय असेल तर चालेल," मार्लिस म्हणाली.

हसून हसून एकाला ठसका लागला. पण मागच्या रांगांतलं हसू मध्येच विरलं. तिथं बसणाऱ्यांच्या तालुक्यांतही डॉक्टर एखाद-दुसराच होता, आणि ते आता ज्याच्या त्याच्या डोक्यात शिरलं होतं. दोघाचौघांनी कागद पुन्हा उघडून वाचायला घेतला. कितीजणांनी तो पहिल्यांदाच उघडला, ते देव जाणे.

"मत द्या!" ड्वेन ओरडला.

फलक लालेलाल झाला. मार्लिस सभापतीच्या खुर्चीत जाऊन बसली. पाय जमिनीला टेकेनात, एवढी उंच खुर्ची. समोर बहुतेकजण तोंड भरून हसत होते, भीक मागण्याची वाट बघत. कुणाच्या हातात काकडी, कुणाच्या हातात बरणी.

तिनं भीक मागितली नाही.

"ज्यांना मत बदलायचंय त्यांनी बदला," ती एवढंच म्हणाली. "मला घाई नाही."

पहिल्यांदा कुणाला कळेच ना. मग ड्वेनला कळलं. त्याची पाचावर धारण बसली. "अरे, हिरवं करा! हिरवं!" तो रांगारांगांतून पळायला लागला. भराभर हिरवे दिवे लागले. दहा, वीस, तीस. मग वेग मंदावला. पस्तीसवर येऊन फलक थांबला. पास व्हायला छत्तीस लागायचे.

"ऑर्व्हिल! दाब की बटण!"

"हात बरबटलेत रे माझे. यंत्र खराब होईल, सरकारी आहे."

"रुमाल घे!"

"रुमाल घरी राहिला."

ज्यांचे दिवे अजून लाल होते, त्या सगळ्यांना एकदम लोणच्याची भूक लागली. एकानं तर लागोपाठ दुसरी काकडी तोंडात कोंबली. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कुणाला नको असतो? उद्या कुणी विचारलं तर सांगायला सोपं, अहो, थट्टा चालली होती, हातात लोणचं होतं, राहून गेलं. खुर्चीवरून मार्लिसला ते सगळे दिसत होते, आणि तिला त्यांचा राग आला. तेवढाच हेवाही वाटला.

कारण तिच्याकडं लोणचं नव्हतं. खुर्चीत बसलेल्यानं शेवटचं मत द्यायचं, तेही बटणानं नव्हे, तोंडानं, आधी आपलं आडनाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिनं हो म्हटलं की छत्तीस. ड्वेनच्याही ध्यानात आलं ते. तो खुर्चीखाली येऊन उभा राहिला आणि एकदम मवाळ झाला.

"मार्लिस, तुझंच विधेयक आहे. हो म्हण आणि सुटलीस. पुढच्या वर्षी तुझं लोणचं मी स्वतः पास करतो. शब्द देतो."

मार्लिसच्या डोळ्यांपुढं चर्चच्या बायका आल्या. त्यांनी काकड्या चिरल्या होत्या, बरण्या उकळून घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तरी आज संध्याकाळी तिचं तोंड बघणार नव्हत्या.

"हॉवलँड," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली, "हॉवलँड. माझं मत, नाही. इथं बरेचजण थट्टा करतायत, मी नाही. माझ्या तालुक्यात डॉक्टर एकच आहे, आणि त्याच्या पुढ्यात बाई तापानं फणफणत असताना त्यानं दुसरी सही शोधत हिंडावं, असं मला वाटत नाही. लावा कुलूप."

आणि तिनं हातोडा आपटला.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. ड्वेन म्हणाला, "पुढच्या वर्षी परत आणीन." मार्लिस म्हणाली, "आण. तुझ्या नावानं आण, आणि आधी वाचून आण." ऑर्व्हिल जाताना तिच्या खांद्यावर थोपटून गेला. तिच्या कोटावर व्हिनेगरचा डाग पडला.

गाडीत बसून तिनं लेकीला फोन लावला. ब्रिटानं सगळं घरी संगणकावर बघितलं होतं.

"आई, तू माझं नाव घेतलं नाहीस."

"वचन दिलं होतं ना."

"घेतलं असतंस तर कदाचित समजून घेतलं असतं लोकांनी. आता सगळे तुलाच बोलणार. रविवारी चर्चमध्ये तुझ्या बाकावर कुणी येऊन बसायचं नाही, बघ."

"नाही बसलं तर नाही. ऐसपैस बसेन." म्हणाली खरी, पण मार्लिसचे डोळे भरून आले होते. तीस वर्षं ती त्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसत आली होती.

"मी येईन," ब्रिटा म्हणाली. "आणि आई, मीच सांगेन सगळ्यांना. त्या दिवशी काय झालं ते."

"अगं, तुला नको होतं ना ते?"

"नव्हतं. पण तू एकटी किती दिवस त्यांची बोलणी खाणार? तू फक्त माझा हात धरून बस."



मार्लिसला गाडी सुरू करायला किल्लीच सापडेना. ती हातातच होती.