दयाच्या पदरातली मोहरी

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी नेवाशाजवळच्या ख्रिस्ती वस्तीवर एक नवा साहेब आला. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेला वळेना. आधी तो सिलोनात होता, म्हणून वस्तीनं त्याला लंकेचा साहेब म्हणायला सुरुवात केली आणि मोकळी झाली. तिकडे म्हणे त्यानं बुद्धाच्या धर्माची सगळी पुस्तकं पालथी घातली होती. महारवाड्यातली शिकलेली पोरं बुद्धाचं नाव घेऊ लागली होती. ते वारं आपल्या वस्तीत शिरू नये, म्हणून मिशननं हा माणूस मुद्दाम धाडला होता. मराठीच्या नावानं मात्र त्याची पाटी कोरी. तो इंग्रजीत बोलायचा आणि प्रभुदास मास्तर त्याचं मराठी करून सांगायचा.

प्रभुदास वस्तीचा उपदेशक. शाळा, प्रार्थना, मयत, सगळं त्याच्याच गळ्यात. ख्रिस्ती माणसानं मयताला ऊर बडवायचा नाही, ‘मेला’ म्हणायचं नाही, ‘प्रभूत निजला’ म्हणायचं, हा धडा त्यानंच घरोघर घोटून घेतला होता. कुणी चुकलं की भर प्रार्थनेत नाव घेऊन टोकायचा. मग सुगीच्या दिवसांत त्याचाच लहानगा योहान तापानं गेला. मास्तरनं डोळ्यांतून टिपूस न काढता, गीत म्हणत पोराला माती दिली. बायको दया रडली नाही आणि त्या दिवसापासून बोललीही नाही. ती रोज योहानचं ताट वाढायची आणि निजलेलं पोर आता उठेलच, अशी दाराकडे बघत बसायची. बायकोही हातची जाते की काय, या भीतीनं मास्तरला घास गोड लागत नव्हता. पण सांगणार कुणाला? दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्याला रडायची सोय नसते.

त्या रविवारी साहेबानं चर्चमध्ये बुद्धाची गोष्ट काढली. एका बाईचं मूल मेलं. ते छातीशी धरून ती बुद्धाकडे गेली, म्हणाली, औषध द्या. बुद्ध म्हणाला, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही, अशा घरातून चिमूटभर मोहरी आण. मास्तरनं एवढं मराठीत सांगितलं आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या दयानं कितीतरी दिवसांनी मान वर केली.

साहेब पुढे म्हणाला, “ती गावभर हिंडली. तिला असं एकही घर मिळालं नाही. घरोघरी कुणी ना कुणी मेलेलंच होतं. बुद्धाकडे द्यायला एवढंच होतं. थंड धर्म आहे तो, आईला रिकाम्या हातानं माघारी धाडणारा.”

मास्तरनं तोंड उघडलं. दया त्याच्याकडे टक लावून बघत होती. घरोघरी मेलेलं असतं, हे त्याला तिच्यासमोर बोलवेना. ते वाक्य गाळून तो नुसतं म्हणाला, “बुद्धाकडे द्यायला काही नव्हतं.”

मग साहेबानं नाईन गावच्या विधवेची गोष्ट सांगितली. प्रभूनं तिरडीला हात लावला आणि तिचा मेलेला मुलगा उठून बसला. “आता तुम्हीच सांगा, मोठा कोण?” हे मात्र मास्तरनं शब्दन् शब्द मराठीत उतरवलं.

दुपारी तो घरी आला, तर चूल थंड आणि दया घरात नाही. वस्तीच्या टोकाला म्हाताऱ्या राहीबाईच्या दारात ती सापडली. पदराची ओटी करून उभी होती.

“राहीबाई, तुमच्या घरात कुनी मेलंय का वो?”

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून मास्तर जागीच थबकला. राहीबाईनं चार लेकरं पुरली होती, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक. तिचे ओठ हललेही. तेवढ्यात दयाच्या मागे उभा असलेला मास्तर तिला दिसला. म्हातारीनं डोईवरचा पदर सारखा केला आणि शाळेतल्या पोरागत धडा म्हटला, “न्हाई गं बाई. आमच्यात मरान न्हाई. समदी प्रभूत निजल्यात.” आणि चिमूटभर मोहरी तिच्या ओटीत टाकली.

मास्तरनं वाकून बघितलं. ओटीत ओंजळभर मोहरी जमली होती. वस्तीतल्या प्रत्येक घरानं तोच धडा म्हटला होता.

“समद्यांनी दिली,” दया म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. “एका बी घरात मरान न्हाई. चला, सायबाला सांगा, आता योहानला उठवा म्हनावं.”

तिला अडवावं असं मास्तरला वाटत होतं, पण ती झपाझप चालत बंगल्यावर पोचलीसुद्धा. साहेब व्हरांड्यात बसला होता.

“ही काय म्हणते?” त्यानं विचारलं.

“मोहरी आणलीय म्हणते,” मास्तर इंग्रजीत म्हणाला. पुढचं त्याला सांगवेना.

साहेबाचा चेहरा फुलला. “प्रभू म्हणतो तो मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास! बघा प्रभुदास, ही बाई बुद्धाची मोहरी ख्रिस्ताच्या पायाशी घेऊन आली. हे मायदेशी कळवायला हवं.”

“काय म्हनला सायब?” दयानं विचारलं. “उठवतो म्हनला?”

मास्तरला साहेबाचा राग आला आणि त्याच्या दसपट स्वतःचा. त्याच्या तोंडची शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. “दया, आपला योहान मेला,” तो म्हणाला.

“निजलाय त्यो.”

“मेला. राहीबाईची चार मेली. समद्या घरात मेल्यात. त्या बाईला एक बी घर गावलं न्हाई, सायबानं सकाळीच सांगितलं हुतं. म्याच बोललो न्हाई.”

दयाच्या हातून पदर सुटला. मोहरी पायरीवरून खाली घरंगळली.

“मग इतकं दिस मला त्याचं ताट का वाढू दिलं?” तिनं विचारलं.

आणि मग तिनं ऊर बडवून जो गळा काढला, तो वस्तीच्या टोकापर्यंत गेला. सगळ्यात आधी राहीबाई आली. मास्तर समोर असताना तिनं छातीवर हात मारून घेतले आणि आपल्या चारही लेकरांची नावं घेतली. मागून एकेक घर आलं. इतकी वर्षं नुसती निजलेली माणसं त्या अंगणात एकदाची मेली.

“या बायका काय म्हणतायत?” साहेब घाबरून पुन्हा पुन्हा विचारत होता.

प्रभुदास मास्तर पायरीवर, मोहरीत बसला होता. साहेबाला काय सांगायचं ते त्याला ठाऊक होतं, पण त्याला दयाच्याच प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं.