आधी आवाज यायचा

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. भडगावच्या एका चित्रपटगृहात, वरच्या खोलीत, बावीस वर्षं उभा आहे. मित्रांनो, मी पडद्यावर उजेड टाकतो आणि संपलेली फिल्म खालच्या चाकावर गुंडाळतो. ते चाक चामडी पट्ट्याने फिरतं. पट्ट्याची दोन टोकं पत्र्याच्या क्लिपने जोडलेली आहेत. माझी गोष्ट त्या क्लिपची आहे.

माझे ऑपरेटर हनीफभाई. फिल्म चढवताना ते हातांकडे पाहतही नसत. बोटांनाच सगळं ठाऊक होतं.

१९८७च्या उन्हाळ्यात तो भयपट आला. चंद्रावरची खाण, आत सहा माणसं, आणि भिंतीमागे काहीतरी. ते शेवटपर्यंत नीट दिसत नसे. आधी आवाज यायचा, टक… टक… मग आवाज थांबायचा, आणि एक माणूस कमी व्हायचा. भरदुपारच्या खेळालाही कुणी शेंगा फोडत नसे. तेव्हा हनीफभाई रोज मला तेल द्यायचे, पट्टा चाचपायचे, त्यावरची लोखंडी जाळी घट्ट बसवायचे. मालक लीलाधरशेठ पाहुण्यांना वर आणून म्हणत, "घोडा आहे माझा!"

दुसरा भाग १९९२ साली आला. तोवर घरोघरी व्हिडिओ झाले होते. गर्दी आटली, तसं माझं तेलही आटलं. दुरुस्तीला काढलेली जाळी कोपऱ्यातच पडून राहिली. क्लिप सैल झाली आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाजू लागली, टक… टक…

"शेठ, पट्टा बदलावा लागेल," हनीफभाई म्हणाले.

"पिक्चर उतरू दे, मग बघू. एवढ्या किंकाळ्यांत तुझा पट्टा कोणाला ऐकू येतोय?"

ते खरंच होतं. दुसऱ्या भागात पहिल्या दहा मिनिटांतच तो प्राणी भर उजेडात येई. हात तुटत, पोटं फाटत, रक्त भिंतीवरून ओघळे. लोक पहिल्या दिवशी ओरडले. तिसऱ्या दिवशी हसू लागले.

चौथ्या दिवशी दारावरचा निंबा हसत वर आला. "हनीफभाऊ, पहिला भागनी येळले मी दार सोडीसन पळी गऊ व्हतू. आते काय भ्यावानं? बठ्ठंच दखाडी दिधं!"

"हा सगळंच दाखवतो. पहिला भाग आधी ऐकवायचा, निंबा," हनीफभाई म्हणाले. "याला तेवढा धीरच नाही."

बोलता बोलता ते थबकले. टकटक थांबली होती. पट्टा घसरला होता, खालचं चाक उभं राहिलं होतं आणि फिल्म जमिनीवर ओतत होती. खेळ थांबू नये म्हणून त्यांनी वाकून चाकाला हाताने रेटा दिला. पट्ट्याने बोटांसकट एकदम पकड घेतली.

टक.

खाली कुणीच वर पाहिलं नाही. किंकाळी पडद्यावरचीच वाटली. पडद्यावरच्या रक्ताला हसणाऱ्या निंबाने खांद्यावरचा रुमाल हनीफभाईंच्या हाताला गच्च बांधला.

हनीफभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ते आता कधीतरी येतात, मागच्या रांगेत बसतात. उजवा हात खिशातच असतो.

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही. ते फक्त वाजतं. ते वाजू लागलं की हातातलं काम टाका, त्याला थांबवा, तेल द्या, जाळी बसवा. आवाज बंद पडायची वाट पाहू नका.

माझ्याजवळ आता सुकदेव नावाचा ऑपरेटर आहे. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. जाळी अजून कोपऱ्यातच आहे. काल दुपारपासून क्लिप पुन्हा वाजते आहे.