यशश्रीच्या पाठीमागचे चित्र

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी तुटली आहे, म्हणून पडद्यामागे डाळीचा डबा टेकवून मला उभे करतात. बडोद्यात मांजलपूरच्या एका लहान फ्लॅटमध्ये मी राहतो.

आधी मी एका कचेरीत होतो. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा मला घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात विकून टाकले. बरेच दिवस मी तिथे धूळ खात पडलो होतो. एके संध्याकाळी जनार्दनराव आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला उघडले, बंद केले, पुन्हा उघडले आणि दुकानदाराला विचारले, "भाई, आ चालशे ने? दीकरी माटे जोइए छे." मुलीसाठी हवा आहे, हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला. मला त्यांनी स्कूटरच्या पुढे, दोन पायांच्या मध्ये धरून घरी आणले.

मुलगी म्हणजे यशश्री. माझ्यावर अभ्यास करून ती पदवीधर झाली. विद्यार्थ्यांना प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरीही लागली. पाहुणे आले की जनार्दनराव माझ्यावर हात ठेवून म्हणत, "ह्या डब्यानं आमच्या यशूला मार्गी लावलं." मला डबा म्हटल्याचे कधी वाईट वाटले नाही. रोज सकाळी ते आपल्या बनियनच्या टोकाने माझा पडदा पुसत.

यशश्रीला स्वतःला एमबीए करायचे होते. तिच्या कंपनीने एक ऑनलाइन मेळा भरवायचे ठरवले. देशभरातली बिझनेस स्कूल एकाच दिवशी पडद्यावर येणार होती. प्रत्येकाची वेगळी खोली, आणि विद्यार्थ्यांनी घरबसल्या त्या खोल्यांतून फिरायचे, प्रश्न विचारायचे. कोणाला कोणत्या खोलीत सोडायचे ते काम यशश्रीकडे होते. कंपनीचे कुणालभाई तिला म्हणाले, "दुपारनंतर एका कॉलेजच्या मॅडमशी तुझीही भेट ठेवलीय. मन लावून बोलजे." त्या भेटीवर बरेच काही अवलंबून होते. मॅडमना मुलगी पसंत पडली तर पुढची निवड सोपी होणार होती.

घरात टेबलाला एकच जागा होती. पाठीमागे आतल्या खोलीचे दार, दाराशेजारी वाळत घातलेले कपडे आणि पाण्याचे पिंप. यशश्रीला त्याची लाज वाटली. तिने मला आज्ञा दिली की मागचे सगळे झाकून टाक आणि त्या जागी पुस्तकांच्या कपाटाचे चित्र लाव. मी आज्ञा पाळली. पडद्यावर ती एखाद्या मोठ्या कचेरीत बसल्यासारखी दिसू लागली.

मेळ्याच्या दिवशी तिची आई, पद्माबाई, दांडिया बाजारात मावशीकडे गेल्या होत्या. त्यांना जनार्दनरावांनीच पाठवले होते. "घरात भांडी वाजायला नकोत," ते म्हणाले. शेजारच्या मुलांनाही त्यांनी जिन्यात खेळू नका म्हणून सांगितले. मग यशश्रीला चहा देऊन ते आतल्या खोलीत आडवे झाले.

सकाळभर मी दमेपर्यंत काम केले. मुले दाटीवाटीने येत होती. नोकरीचा अनुभव नसेल तर चालेल का, हॉस्टेल मिळेल का, मुलाखत हिंदीत देता येईल का. यशश्री सगळ्यांना धीर देत होती. मग तिच्या भेटीची वेळ झाली. तिने केस सारखे केले, कानांवर हेडफोन घट्ट बसवले. पडद्यावर मॅडम आल्या.

तेव्हाच मागच्या दारात जनार्दनराव आले.

माझ्या डोळ्याने त्यांना स्पष्ट पाहिले. एका हाताने त्यांनी चौकट धरली होती, दुसरा हात नुसता लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. ओठ हलत होते, पण शब्द नीट फुटत नव्हता. जो फुटला तो हेडफोनच्या आत पोचला नाही. मला मात्र मागचे सगळे झाकायची आज्ञा होती. मी त्यांच्यावर पुस्तके पसरत राहिलो.

त्यांनी चौकटीवरचा हात उचलून तिच्याकडे केला. क्षणभर तो हात माझ्या चित्रातून बाहेर आला.

मॅडमनी विचारले, "तुमच्या मागे कोणी आहे का? मघाशी हात दिसला."

यशश्री ओशाळली. "सॉरी मॅडम, नेटचा प्रॉब्लेम असेल," ती म्हणाली आणि मागे न बघता पुढचे उत्तर देऊ लागली.

जनार्दनरावांनी तिला हसून बोलताना पाहिले. मग हात खाली घेतला आणि भिंतीच्या आधाराने, पाय ओढत, ते परत आत गेले.

भेट छान झाली. यशश्रीने हेडफोन काढले आणि आनंदाने हाक मारली, "बाबा, ऐकलंत का?" आत गेली ती किंचाळतच बाहेर आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी अर्धांगवायू सांगितला, आणि लवकर आणले असते तर बरे झाले असते, असेही सांगितले. पद्माबाई घरी आल्या. एवढेच म्हणाल्या, "तू घरातच होतीस ना गं?" त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हते.

जनार्दनरावांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कॉलेजकडून होकार आला, तो यशश्रीने उघडून वाचला आणि तसाच राहू दिला. मला तिने कपाटावर ठेवले. पुन्हा धूळ बसली, आता पुसणारे कोणी नव्हते. कामासाठी वरून काढताना मी तिच्या हातातून निसटलो आणि बिजागरी तुटली.

नोकरी सोडून भागणार नव्हते. पुढच्या मेळ्याला तिने टेबल फिरवले. आता तिची पाठ भिंतीला असते आणि समोर, माझ्या पडद्याच्या वरून, बाबांची खाट दिसते. "मागे सरस बॅकग्राउंड लगाव ने," कुणालभाई म्हणाले. "राहू दे," ती म्हणाली. भिंतीचा उडालेला रंग सगळ्यांना दिसला.

त्या दिवशी एका मुलीने तिला विचारले, "मॅडम, तुम्ही एमबीए कुठून केलं?"

यशश्रीने माझ्यावरून नजर उचलून खाटेकडे पाहिले. जनार्दनराव जागे होते आणि तिच्याकडेच पाहत होते.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "तू कर. तुझा प्रश्न सांग."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपून हाताळा, असे मी मागणार नाही. माझ्यासारखे पुष्कळ मिळतात. माझ्यासमोर बसाल तेव्हा एक कान मोकळा ठेवा आणि मधूनमधून मान वळवून मागे बघा. मला दिसते, पण मला हाक मारता येत नाही.