गुरुजींचा वाडगा

लुमोत्सोने रोजच्यासारखा नवऱ्याचा लाकडी वाडगा लोण्याच्या चहाने भरून त्याच्या जागेसमोर ठेवला. घरचा माणूस दूर असला की त्याचा वाडगा रिकामा ठेवायचा नाही, अशी तिच्या माहेरीसासरी रीत. मातृभाषेत लिहिलेल्या लेखांपायी चिनी सरकारने तिच्या नवऱ्याला, ग्यालो गुरुजींना, तुरुंगात टाकलं, त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

तेवढ्यात शाळेचा मुख्याध्यापक छाकदोर आला आणि खुशाल गुरुजींच्याच जागेवर बसला. कोर्टासाठी गुरुजींच्या लेखांचं चिनी भाषांतर यानेच करून दिलं होतं. महिन्याभरात त्याला मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली.

"वहिनी, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही हं मी," तो म्हणाला. "काय लिहिलंय हो गुरुजींनी! भाषांतर करताना डोळे भरून यायचे. सुटून आले की सांगा त्यांना."

लुमोत्सो काही बोलणार, तोच त्याने समोरचा वाडगा उचलला, घटाघटा रिकामा केला आणि मिशीचं लोणी चाटलं.

"वा! तुमच्या हातच्या चहाला तोड नाही."

"तो ह्यांचा होता."

"अरेच्चा! मग भरा की परत, त्यात काय!"

तिने तो वाडगा दोन बोटांनी उचलून त्याच्या मांडीवर टाकला.

"घेऊन जा घरी. तुझं उष्टं ह्यांच्यापुढे ठेवायची नाही मी."

मग स्वतःचा वाडगा पुसून तिने त्यात चहा ओतला आणि तो हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऊठ. मला हा तिथे ठेवायचाय."